मांडवातला फौजदार

बातमी रत्नाने आणली. मी आठवीच्या वर्गावर होते. दारात उभी राहून ती नुसतं "अक्का" म्हणाली आणि पुढे काही बोललीच नाही. रत्ना म्हणजे आमच्या मळ्याला लागून मळा असलेल्या मुनियप्पाची मुलगी. माझ्याच शाळेत खालच्या वर्गांना शिकवते. गप्प राहणं तिच्या स्वभावात नाही, म्हणून काय झालं असेल ते मला कळलं. माझा थोरला भाऊ, माधवअण्णा, सकाळी बागेत फेरी मारून आला, न्याहारी करून पडवीत जरा टेकला, आणि तसाच गेला. वहिनी ताट उचलायला आल्या तेव्हा त्याचा चष्मा अजून नाकावर होता.

याला आता काही आठवडे झाले. मधल्या काळात आमच्या इथल्या मराठी मंडळाने शोकसभा घेतली. सभेत अण्णाला 'ऋषितुल्य' म्हटलं गेलं, 'भूमिपुत्र' म्हटलं गेलं, आणि एका वक्त्याने 'कर्मयोगी' म्हणून झाल्यावर माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "त्यांची बाग नेमकी कसली हो, पेरूची ना?" वहिनी पदराआड हसल्या असाव्यात, लोकांनी ते रडणं धरलं. मला मात्र सभेत बसल्या बसल्या सारखं एकच वाटत होतं, आणि ते भरसभेत बोलण्यासारखं नव्हतं. मला हायसं वाटत होतं. गेला तो आमचा अण्णाच गेला, दुसरा कोणी नव्हे. मधली काही वर्षं अशी होती, की याची खात्री देता आली नसती.

बंगळूरला मराठी माणसं द्राक्षं लावतात हे, ज्या पुरवणीसाठी मी हे लिहिते आहे, तिच्या वाचकांना सांगावं लागेल. आमचे पूर्वज इकडे कसे आले याच्या घरात तीन-चार कथा आहेत आणि प्रत्येक कथेत ते घोड्यावर बसून आले. प्रत्यक्षात आमच्याकडे बैलाखेरीज काही असल्याचं कोणाला आठवत नाही. बेळ्ळंदूरच्या तळ्याच्या अंगाला आमची काळ्या द्राक्षांची बाग आहे. खांबांवर तारा ओढून केलेला मांडव, त्यावर वेली, आणि खाली मान वर करून काम करणारी माणसं. छाटणीच्या दिवसांत हात वर आणि कात्री चालू. कान आणि तोंड मात्र मोकळं. म्हणून मांडवात बोलणं फार. छाटणी एकट्या घराच्याने उरकत नाही, तेव्हा मुनियप्पाचं घर आमच्याकडे येई आणि मग आमचं घर त्यांच्याकडे जाई. याला इकडे मुय्यी म्हणतात. आपल्याकडची सावड तीच. मुय्यीचा नियम एवढाच, की माणसाने स्वतः यायचं. माझ्या वडिलांच्या वेळेपासून हे चाललं होतं, आणि त्या मांडवात मी जितकी कानडी शिकले तितकी पुढे पुस्तकांतून शिकले नाही. कोणाच्या सासूने काय म्हटलं, कोणता आमदार कोणत्या गाडीतून पडला, देव आहे की नाही... मुनियप्पाच्या मते होता, पण त्याला स्वल्प कमी ऐकू येत असावं.

मग पन्नास सालानंतरच्या दशकाच्या शेवटाशेवटाला रेडिओ मांडवात आला. वहिनींचा भाऊ बोटीवर नोकरीला होता, त्याने चामड्याच्या पिशवीतला ट्रान्झिस्टर आणून दिला. अण्णाने तो खांबाला टांगला. शॉर्टवेव्हवर, कुठल्याशा दूरच्या केंद्रावरून, सकाळी एक मराठी कार्यक्रम लागायचा: 'कानउघाडणी'. आपल्या सरकारी रेडिओवर तसलं बोलणं कोणी चालू दिलं नसतं. एका केसांच्या तेलाची जाहिरात व्हायची आणि मग तो माणूस सुरू व्हायचा. स्वतःला तो 'हवेवरचा फौजदार' म्हणवून घेई. पुढारी चोर, डॉक्टर खाटीक, कवी रिकामटेकडे, मजूर आळशी, शिकलेल्या बायका म्हणजे घराला लागलेली वाळवी. श्रोत्यांना तो 'अरे मठ्ठांनो' अशी हाक मारायचा. आणि श्रोते खूश. शिव्या देणाऱ्याचा आवाज पुरेसा मोठा असला, की ऐकणाऱ्या प्रत्येकाला त्या शेजारच्याला दिल्यासारख्या वाटतात.

पहिल्या पहिल्यांदा मलाही गंमत वाटली, हे नाकारत नाही. माणूस चटपटीत होता. मंत्र्याच्या भाषणाची नक्कल करायचा तेव्हा कात्री हातातून गळायची. मुनियप्पाला मराठी चार शब्दांपलीकडे येत नव्हतं. अण्णाला तो 'रायरे' म्हणे, म्हणजे आपलं 'रावसाहेब'. त्याने दोन-तीन दिवस ऐकलं आणि मग विचारलं, "रायरे, हा माणूस एवढा कोणावर रागावलाय? घरी जेवायला वाढत नाहीत का याला?"

"तो खरं बोलतो, मुनियप्पा," अण्णा म्हणाला.

"खरं बोलायला एवढी थुंकी कशाला लागते?"

अण्णा त्या दिवशी हसला. पुढे हसेनासा झाला. आधी कार्यक्रम चालू असेपर्यंत मांडवात बोलायची बंदी झाली. मग कार्यक्रम संपल्यावरही तोच आवाज चालू राहू लागला, फक्त आता तो अण्णाच्या तोंडून यायचा. माझा भाऊ मुळात आस्ते बोलणारा. वाक्य अर्ध्यावर सोडून "बघू" म्हणणारा. तो आता मेजावर मूठ आपटू लागला. मेज नसलं तर खांबावर आपटायचा, आणि वरून सुकी पानं पडायची. डाकवाला, पाटावरचा पाणी सोडणारा, मी, सगळे मठ्ठ. मी एकदा एक कादंबरी वाचत बसले होते तर म्हणाला, "शांते, वाचून वाचून तू वाळवी झालीस." हे वाक्य मी त्याच सकाळी तेलाच्या जाहिरातीनंतर ऐकलं होतं. मी त्याला तसं सांगितलंही. तो म्हणाला, "मग? दोन शहाणी माणसं एकच बोलणार."

असं तीनेक वर्षं चाललं. लांबून हे विनोदी दिसतं. त्या घरात जेवायला बसणाऱ्याला तसं वाटत नव्हतं. शहरातल्या माझ्या बिऱ्हाडातून रविवारी मी बसने मळ्यावर जायची, ते जाणं मी टाळायला लागले.

मग रत्नाची गोष्ट झाली. ती मॅट्रिक झाली होती आणि शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जावं असं तिच्या मनात होतं. मुनियप्पा छाटणीला आला असताना माझ्याजवळ चौकशी करत होता, अर्ज कुठे करायचा, वसतिगृह कसं असतं. शेजारच्या ओळीत त्याची बायको लक्ष्मम्मा, आणि रत्ना स्वतः. अण्णा पलीकडून ऐकत होता. तो ओळ सोडून आला आणि म्हणाला, "मुनियप्पा, कशाला नसते नाद? तुमच्या लोकांची डोकी खुरप्याला चिकटलेली. पुस्तकाला चिकटायची नाहीत. मास्तरीण झाली की तुझ्याच चुलीला लाथ मारेल."

शब्द फौजदाराचेच होते. फरक इतकाच, की त्या दिवशी अण्णाने ते कानडीत सांगितले. इतकी वर्षं तो आवाज मुनियप्पाच्या डोक्यावरून जात होता. माझ्या भावाने भाषांतर करून तो त्याच्या दारात नेऊन ठेवला.

मुनियप्पाने मान वर केली नाही. म्हणजे वरच होती, वेलीकडे. "सरी, रायरे," बरं, एवढंच म्हणाला. हातातली ओळ त्याने टोकापर्यंत पुरी केली, कात्री पुसली, आणि तिघंही गेली.

पुढच्या छाटणीला आमच्या मांडवात दोन अनोळखी माणसं आली. मुनियप्पाने मजुरी ठरवून आपल्या बदली पाठवलेली. कामाला चांगली होती. पण मुय्यी मजुरांकरवी फेडणं म्हणजे काय, हे त्या तळ्याकाठी सगळ्यांना कळतं. भांडण केलं असतं तर ते मिटलं असतं. हा तर हिशेब चुकता करून टाकल्यासारखा प्रकार होता. अण्णाला ते कळलं, पण त्याने ते फौजदाराच्या पद्धतीने समजून घेतलं. दुपारी जेवायला बसल्यावर सुरुवात केली: "या लोकांना एकदा बरोबरीने वागवलं की..."

"...की ते डोक्यावर मिऱ्या वाटतात," वहिनी म्हणाल्या. त्या भात वाढत होत्या.

अण्णाने भाताचं आळं केलं. मग म्हणाला, "नाही, मी म्हणतो, आजकाल उपकाराची जाणीवच..."

"...उरली नाही, कारण पोटं भरली आहेत. पोट भरलं की जीभ सुटते आणि जीभ सुटली की देश बुडतो." वहिनींनी आमटीचा वाडगा पुढे केला. "पुढचं सांगू? आता डॉक्टर येतील. मग कवी. स्वयंपाकघरात मला सगळं ऐकू येतं हो. तुम्ही तोंड उघडलंत की मला ते तेलसुद्धा आठवतं."

वहिनींच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. त्या नुसत्या दमलेल्या होत्या. अण्णाने घास घेतला, तो चावायला बराच वेळ लावला, आणि खाली बघूनच म्हणाला, "मग यात माझं काय राहिलं?"

"ते मला कुठून माहीत," वहिनी म्हणाल्या. "मीही ऐकायची वाट बघतेय."

त्या दिवशी त्याने रेडिओ फोडला वगैरे काही नाही. आमच्या घरात वस्तू फोडायची पद्धत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तो लावलाही. वहिनी सांगतात, फौजदाराचं चालू होतं, आणि अण्णा ओठांनी त्याच्या एक शब्द पुढे चालला होता. थोडा वेळ त्याने असं स्वतःला ऐकलं. मग वाक्याच्या मध्येच खटका दाबला. "काय म्हणत होता?" वहिनींनी विचारलं. "कालचंच," तो म्हणाला.

मुनियप्पाच्या मळ्यात छाटणी लागली तेव्हा आमच्याकडे निरोप आला नाही. येणारच नव्हता. अण्णा आपली कात्री घेऊन बांध ओलांडून गेला. पुढचं मला रत्नाने सांगितलं आहे, आणि ती पदरचं घालत नाही असं मी म्हणणार नाही. मुय्यीला कात्री घेऊन आलेल्या माणसाला ओळ द्यावीच लागते. बोलणं द्यावं लागतं असा नियम नाही. मुनियप्पाने हाताने एक ओळ दाखवली. अण्णा दिवसभर छाटत राहिला. कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. एरवी ज्या मांडवात देवाच्या कानाची चर्चा व्हायची तिथे नुसत्या कात्र्या. तिसऱ्या दिवशी अण्णाने पलीकडच्या ओळीत रत्नाला विचारलं, "ट्रेनिंगला कधी जाणार, अम्मा?"

"डोकं खुरप्याला चिकटलंय ना," रत्ना म्हणाली. "ते सोडवतेय आधी."

लक्ष्मम्माला हसू आलं आणि तिने ते खोकल्यावर नेलं. अण्णा म्हणाला, "ते... ते त्या रेडिओवाल्याचं बोलणं होतं."

तेव्हा मुनियप्पा पहिल्यांदा बोलला. "रेडिओवाल्याने माझी मुलगी कुठे पाहिलीय, रायरे? तुम्ही तिला कडेवर घेतलंय."

रत्ना म्हणते, यानंतर अण्णाची कात्री बराच वेळ वाजली नाही. मग तो म्हणाला, "त्याने नाही. मीच बोललो." आणि काही वेळाने, आपल्या जुन्या आवाजात, अर्ध्यावर सोडून: "तिला घेऊन मी आणि शांता जर ट्रेनिंगच्या शाळेत... बघू."

"बघू नका," लक्ष्मम्मा वेलीआडून म्हणाली. "जा."

आम्ही गेलो. प्रिन्सिपॉलबाईंनी विचारलं, मुलीचे तुम्ही कोण? अण्णा म्हणाला, "शेजारी." एवढं छोटं उत्तर त्याने कित्येक वर्षांत दिलं नव्हतं.

त्यानंतर रेडिओ स्वयंपाकघरात गेला. वहिनी त्यावर गाणी ऐकतात. फौजदाराचा कार्यक्रम पुढे कधीतरी बंद पडला. कधी, ते आमच्या घरात कोणाला माहीत नाही. मेला, की कंटाळला, की तेल खपेनासं झालं... तीन वर्षं ज्याने आमचं घर चालवलं, त्याच्या जाण्याची आम्हाला चाहूलसुद्धा लागली नाही. माझ्या मते त्याला याहून मोठी शिक्षा देता आली नसती, आणि ती आम्ही मुद्दाम दिली नाही हे त्याहून बरं. अण्णा काही संत झाला नाही. तंबाखू, हट्ट, चुकीच्या वेळी पाणी सोडणं, सगळं तसंच राहिलं. फक्त मांडवात कोणी काही सांगायला लागलं, की तो कात्री थांबवायचा. हात वर तसाच, पातं उघडं, आणि समोरच्याचं संपेपर्यंत वाट. छाटणी त्यामुळे लांबायची. मुनियप्पा ओरडायचा, "रायरे, ऐकता ऐकता कापा." त्याला ते जमायचं नाही.

तो गेला तेव्हा आमची छाटणी तोंडावर आली होती. दिवस उरकले आणि दुसऱ्या सकाळी मुनियप्पा, लक्ष्मम्मा आणि शाळेला सुट्टी म्हणून रत्ना, तिघंही कात्र्या घेऊन बांधावरून आली. मीही होते. सगळे आपापल्या ओळीला लागले, आणि मांडवात शांतता. सुतकातल्या घराशी वागावं तसे जो तो वेलीशी हळू वागत होता. वहिनी दारात उभ्या होत्या. थोड्या वेळाने रत्नाने आपल्या ओळीतूनच वहिनींना विचारलं, "अक्का, बोललं तर चालेल ना? की नको?"

वहिनींनी पदर खोचला. मांडवात येऊन त्यांनी अण्णाची ओळ धरली.

"बोला," त्या म्हणाल्या. "गप्प राहिलात तर मला रेडिओ आणावा लागेल."

मुनियप्पा म्हणाला, खरं सांगायचं तर रायरे फांद्या फार लांब ठेवत. लक्ष्मम्मा म्हणाली, मुळीच नाही, तूच आखूड कापतोस. दोघांची जुंपली. वहिनी कात्री उघडी धरून ऐकत उभ्या राहिल्या.