व्हॅनमधली शेगडी

निवृत्तीनंतर आम्ही नवराबायकोने जुनी व्हॅन घेतली आणि तिच्यातच झोपण्या-रांधण्याची सोय केली. राहुरीच्या एका फिटरने मागच्या कप्प्यात सिलिंडर पट्ट्याने आवळून बसवला, शेगडीपर्यंत तांब्याची नळी नेली आणि प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून दाखवलं. बुडबुडा कुठेच आला नाही.

"बिनघोर जावा, लई पक्कं काम हाय," तो म्हणाला.

माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. भंडारदऱ्याला जाताना थोड्या थोड्या वेळाने मी गाडी थांबवायचो आणि कप्प्यात डोकं घालून वास घ्यायचो. अकोले गाव मागे पडल्यावर बायको वैतागली.

"अहो, फिरायला निघालात की पहाऱ्यावर?"

धरणाच्या काठी तिने चहाचं पातेलं काढलं. मी सिलिंडर चालू केला आणि लगेच शेगडीकडून वास आला.

"काडी ओढू नकोस!" मी ओरडलो. सिलिंडर बंद करून तिला हाताला धरून बाहेर काढलं. दारं सताड उघडी टाकून आम्ही लांब जाऊन उभे राहिलो.

दुसऱ्या दिवशी राहुरीला परतून त्याच फिटरला दाखवलं, तर रस्त्याच्या हादऱ्यांनी एक जोड सैल झाला होता. त्याने तो बदलला, नळीला जागोजागी क्लिपा मारल्या.

त्यानंतर आम्ही पुष्कळ फिरलो. पण बायको शेगडी पेटवते तेव्हा माझ्याच्याने आत बसवत नाही. मी दार धरून खाली उभा राहतो, आणि तीही मला आत बोलावत नाही.