रेकॉर्ड ऑफिसला कुंडलिक तात्यांचं पत्र

आमच्या कुंडलिक तात्यांनी फौजेत बंदूक कमी अन् टाइपरायटर जास्ती चालवला. बावीस वर्षं हवालदार क्लार्क! रिटायर होऊन पिंपळवंडीला आले तरी खोड गेली न्हाई. म्हशीच्या औषधाची चिठ्ठीसुद्धा 'विषय' अन् 'संदर्भ' टाकून. मी गावचा पोस्टमन. त्यांच्या रजिस्टर पत्रांनी माझा जीव नकोसा केलता, राव. समद्या फौजी घरांचा पत्रव्यवहार तात्या फुकट करायचे, चहा पुढं केला तरी रागवायचे.

अठ्ठ्याण्णव साली गजराबाईचा नवरा मच्छिंद्र फौजेत नोकरीवर असतानाच तापानं गेला. पदरात दोन लेकरं. पेन्शनीचा अर्ज केला, तर फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं: आमच्याकडं बायकोचं नाव इंद्रायणी हाय, रेशनकार्डावर गजराबाई. तवा इंद्रायणीचं 'हरकत नाही' पत्र जोडा.

"मीच की ती! मी माझ्यावर काय हरकत घेऊ?" गजराबाई भडकली.

त्याचं असं व्हतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं. मच्छिंद्रनं इंद्रायणी लिहिलं, फौजेतही तेच नोंदवलं. पण सासू तिची सख्खी आत्या. ती कशाला भाचीचं नाव बदलतीय! मग गावानंही गजराबाईच चालू ठेवलं.

तात्यांनी तीन पत्रं धाडली. तीन नकार. मग म्हणाले, "मच्छिंद्रनं तुला लिहिलेलं पत्र दे. पत्ता इंद्रायणीचा, अन् ह्या पोस्टमननं दिलं तुझ्या हातात, तसं तो लिहून देईल. एवढा पुरावा बास."

"न्हाई देणार," गजराबाई ट्रंकेवर बसूनच राहिली. "त्यात आमचं बोलणं हाय."

खरंच व्हतं तिचं. नवराबायकोचं बोलणं कचेरीत टेबलाटेबलावर फिरणार, मलाच लाज वाटली. तात्यांनी काय करावं? अंतर्देशीय पत्र ते, पत्ता बाहेर अन् मजकूर आत. न वाचता घडी घातली, कडा डिंकानं चिकटवल्या अन् अर्जात लिहिलं, 'सोबत मूळ पत्र एक. पुरावा पत्त्यापुरता. आतला मजकूर पत्नीचा आहे, उघडू नये.' उभ्या जन्मात तात्यांनी नियमाबाहेरचं एवढंच लिहिलं असंल.

दोन महिन्यांनी मंजुरी आली. पत्रही परत आलं, डिंक शाबूत! तिथला क्लार्क कुणी का असंना, लई भला माणूस.

पहिली पेन्शन घ्यायला ती पोस्टात आली, संगं तात्या. मी वहीत बघून पुकारलं, "इंद्रायणी मच्छिंद्र!" ही समोरच उभी, पण हूं न्हाई का चूं न्हाई.

"आवो वहिनी, तुमालाच!"

"ऐकलं," ती पदरानं डोळं पुसत म्हणाली. "त्यांच्याबिगर ह्या नावानं मला कुणीच हाक मारली न्हाई. अजून एकदा पुकारा की, भाऊ."

तात्यांनी माझ्याकडं डोळं वटारलं. "पुकार, गड्या! हुकूम समज."

मी वही मिटली अन् पोस्टाबाहेर ऐकू जाईल असं पुकारलं, "इंद्रायणी मच्छिंद्र!"