जयसिंगच्या गणितातला राब

रिहे गावचा जयसिंग पुण्याला विद्यापीठात संख्याशास्त्र शिकायला गेला, तेव्हा हा नेमकं काय शिकतो ते गावात कुणालाच सांगता येईना. त्यात चौसष्ट साली त्याच्या वर्गाला लिनियर प्रोग्रॅमिंग नावाचा नवा विषय लागला. जमीन एवढीच, माणसं एवढीच. या अटींत राहून जास्तीत जास्त पीक कसं काढायचं, असली ती गणितं. जयसिंगला वाटलं, हे तर आपल्याच घरचं चाललंय.

नाताळच्या सुट्टीत सरांनी प्रत्येकाला एक खरंखुरं उदाहरण सोडवून आणायला सांगितलं. जयसिंगनं आपलं शेत घेतलं. ओट्यावर बसून तो वडिलांना, गेणबाला, खोदून खोदून विचारी. नाचणी किती, भात किती, राबाला टाहाळ किती लागतो. भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजायची तो राब. त्यासाठी डोंगरातल्या फांद्या, म्हणजे टाहाळ, तोडून, वाळवून आणावा लागे. जयसिंगची बायको चंद्रा पोरीला मांडीवर घेऊन ऐकत बसे.

"माजी बी गणती हाय का त्यात?" तिनं एकदा विचारलं.

"हाय की. बायामाणसांचे हात येगळे धरल्यात."

ती तोंडाला पदर लावून हसली.

उत्तर आलं, नाचणी सोडावी, भात वाढवावा. राबही वाढणार होता, पण घरातले हात पुरत होते. त्याची आई सगुणाबाई कुरकुरली, "जवळचा टाहाळ सरलाय. कड्याखाली जावं लागंल." गेणबा म्हणाला, "पोरगं येवढं शिकलंय. एक साल त्याचं ऐकू." कड्यापर्यंतची चाल जयसिंगनं गणितात धरली होती. सरांनी भर वर्गात त्याची पाठ थोपटली.

मार्च सरता सरता, कड्याखाली वाळल्या टाहाळाचा भारा बांधताना चंद्राला फुरसं चावलं. झोळी करून तिला पौडच्या दवाखान्यात नेलं. तिथून पुण्याला हलवायचं ठरेपर्यंत ती गेली. उन्हाचे दिवस, मयत ठेवता येईना. राख सावडून झाल्यावर गेणबा पोराला आणायला वसतिगृहावर गेला.

खोलीभर कागद पसरले होते. जयसिंगचा चेहरा खुलला. "आबा, तुमी? राब कुटवर आला?"

"आलाय." गेणबा खाटेच्या कडेला टेकला. कागदांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "जयसिंग, तुज्या त्या गणितात येकादा हात कमी पडला तर रं?"

"सोपं हाय. ती अट बदलायची, पुन्हा सोडवायचं. उत्तर येतंय."

गेणबानं पटका सारखा केला. "परीक्षा कवा?"

"सोमवारपास्नं. घरी समदी बरी हायेत न्हवं?"

"पोरगी चालाय लागली," गेणबा म्हणाला आणि उठला. फाटकाबाहेर वडाखाली तो बराच वेळ बसून राहिला, आणि तसाच एसटीनं परत गेला.

परीक्षा संपवून जयसिंग घरी आला. त्याला अंगणात बघताच सगुणाबाईनं हंबरडा फोडला. सगळं कळल्यावर तो गेणबासमोर जाऊन उभा राहिला.

"तुमी माज्यासमोर बसला हुता, आबा."

"तोंडाशी आलं हुतं. तू म्हणलास, पुन्हा सोडवायचं. मग माजी जीभच उचलंना."

"मीच धाडली तिला कड्याखाली."

"न्हाई," गेणबा म्हणाला. "तू कागदावर मांडलंस. घरातनं मी धाडली."

त्या साली ठरल्याप्रमाणं वाढीव भात लावला. जयसिंगनं चिखलात उतरून आवणी केली. पीक भरघोस आलं. नवान्नाला घरात कुणी गोड केलं नाही.

निकाल पहिल्या वर्गाचा लागला होता. सरांनी संशोधनाला ये म्हणून निरोप धाडला. जयसिंग गेला नाही. पुण्यात एका सरकारी कचेरीत चिकटला. लोकांनी स्थळं आणली, त्यानं दुसरं लग्न केलं नाही. पोर सगुणाबाईपाशीच वाढली. महिन्या-दोन महिन्यांनी तो खाऊ घेऊन यायचा. त्याला वाटेवर बघितलं की पोर घरात पळायची आणि चुलीपाशी बसलेल्या आजीच्या पाठीआड दडून सांगायची, "आज्ये, पाव्हणं आलं."

सगुणाबाई तिला दुरुस्त करायची. पोर तेवढ्यापुरतं 'आप्पा' म्हणायची.