वहिनीनं न पाहिलेला लास्ट एपिसोड

जयवंतीवहिनी धडधडीत खोटं बोलायची, आणि अख्खी आळी तिच्यावर विश्वास ठेवायची.

मी खरं सांगायचे. माझ्यावर कुणी ठेवायचं नाही.

आज तिला जाऊन वर्ष झालं. सगळे तिच्या हातच्या कालवणाबद्दल लिहितील. लिहू देत. मी तिची धाकटी जाऊ, जळकी म्हणून प्रसिद्ध. मी माझ्या पद्धतीनं लिहिणार.

२००३ च्या सुमाराची गोष्ट. राहनाळचं आमचं घर. टीव्हीवर ती हेरांची सिरीयल लागायची. नाव बदलून सीमेपलीकडे राहिलेला मुलगा, इकडे गावात त्याची वाट बघणारी म्हातारी आई. एपिसोड असा नेमक्या जागी तोडायचे की घास घशातच राहायचा.

पण त्या वेळी आळीतल्या निम्म्या घरांत पुरुषांच्या बातम्या लागलेल्या, आणि उरलेल्या निम्म्यांत लोडशेडिंग.

म्हणून दुसऱ्या दिवशी पापड लाटताना विषय निघायचा, काल काय झालं?

उन्हाळ्यात आमच्याकडे पापड पाळीपाळीनं. आज हिच्या ओटीवर, उद्या तिच्या. आणि आमच्या आळीचा एक नियम होता. सिरीयल सांगणारीनं लाटणं धरायचं नाही. तिच्या वाटचे पापड बाकीच्यांनी लाटायचे.

सांगणारी कोण? अर्थात वहिनी.

एकाच चटईवर बसून आम्ही दोघी बघायचो. मला त्यातली नावं, गावं, कुणाचा पासपोर्ट खोटा, सगळं पाठ. पण मी तोंड उघडलं की कुणीतरी म्हणायचंच, "तू थांब गो, जयवंतीला सांगू दे."

ती हिरोला कधी हिरो म्हणायची नाही.

"मंग आपल्या पोरानं काय केलं, ठाव हाय?"

झालं. सगळ्यांची लाटणी थांबायची. सासूबाईंचंसुद्धा. मी एकटी जळून खाक होत लाटत राहायचे.

लास्ट एपिसोडची जाहिरात सुरू झाली तेव्हा मी ठरवलं, हा मी सांगणार.

त्या आठवड्यात आमच्याकडची लाईट बरोबर त्याच वेळेला जायची. मी नवऱ्याला थाप मारली, आईला बरं नाही. आणि पडघ्याला माहेरी गेले. आई जेव जेव म्हणत होती. मी नखं खात टीव्हीसमोर.

तर शेवट असा होता. मुलगा वेष बदलून आपल्याच गावात येतो. आई दारात बसलेली, तिला नीट दिसत नाही. ती त्याला ओळखत नाही. वाटसरू समजून पाणी देते. तो पितो, आणि काही न बोलता निघून जातो. ओळख दिली तर सगळं मिशन बुडणार.

मी खूप रडले. आणि रडता रडता खूशही झाले, कारण हे आळीत फक्त मला माहीत होतं.

सकाळी पहिली जीप पकडून परत. घाईघाईनं ओटीवर पोचले, तर वहिनी सांगत बसलेली.

"...आनि आपला पोर खोकला. त्या खोकल्यावरनं वलखला तिनं. म्हनली, आलास रं? मंग कसला जातो तो परत."

बायका पदरानं डोळे पुसत होत्या. सासूबाई तर हसत होत्या.

मी म्हणाले, "खोटं आहे हे. मी बघून आलेय. ती ओळखतच नाही त्याला." आणि खरं काय झालं ते सगळं सांगितलं.

मग सासूबाई म्हणाल्या, "तुना झोप लागली आसंल."

सगळ्या हसल्या. मी गुपचूप लाटणं उचललं.

दुपारी गच्चीवर पापड वाळत घालताना मी वहिनीला गाठलं.

"काल लाईट नव्हती. तू बघितलंस काय?"

"काय न्हाय बगला."

"मग?"

"आई रोज मना इचारते, पोर घरी येल का. ती काय सिरीयलचा इचारते?"

आई म्हणजे सासूबाई. त्यांचा धाकटा मुलगा, माझा दीर विलास, सौदीला ट्रेलर चालवायला गेला होता. कित्येक महिने त्याचा फोन नव्हता.

तुम्हाला वाटेल, हे ऐकून माझा राग गेला. अजिबात नाही. दुप्पट झाला. गोष्ट सांगण्यात ती पुढे होतीच, आता माणूस म्हणूनही पुढे निघाली. मी त्याच घरात राहत होते. मला का नाही सुचलं?

विलास पुढे आला, पण सासूबाई गेल्यावर. त्या वहिनीचाच शेवट खरा धरून गेल्या.

नंतर तो परत सौदीला गेला. त्याला लहानाचं मोठं वहिनीनं केलेलं. गेल्या वर्षी ती गेली तेव्हा त्याला सुट्टी मिळाली नाही. त्याचा फोन मी उचलला.

"वहिनी जाताना काय म्हनली?"

काहीच म्हणाली नाही. तिला शुद्ध नव्हती, तोंडात नळी होती. शेजारी मीच होते.

मी म्हणाले, "तिथला वॉर्डबॉय तुझ्याच उंचीचा होता. तिला वाटलं तूच आलास. हात धरला त्याचा."

"मंग?"

"मग विचारलं, इतका बारीक कसा झालास, डबा नेत नाहीस का ड्युटीवर?"

"मंग?"

मी सांगत गेले. तो रडत होता आणि ऐकत होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून माझी गोष्ट पहिल्यांदाच कुणीतरी पुरती ऐकली.

(विलासचं इथे प्रोफाइल नाही. कुणी त्याला हे दाखवू नका.)

फोन ठेवला आणि मनात पहिला विचार काय आला, सांगू? हेच वहिनीनं सांगितलं असतं तर किती छान सांगितलं असतं.

श्रद्धांजलीचे मोठे शब्द मला जमत नाहीत, वहिनी. नीट जा.

मला अजून तुझा हेवा वाटतो.