स्पेशल रूममधली दुसरी खाट

बाळंतपणानंतर मला बेंबीपाशी हर्निया झाला, आणि त्यावरून पोट असं ओघळून आलं होतं की निऱ्या कुठं खोचायच्या हा रोजचाच प्रश्न. मी जाडी. भरलेली, अंगानं बरी, खात्यापित्या घरची असं लोक तोंडावर म्हणतात आणि पाठीमागं जाडीच म्हणतात, तर मीच म्हणून मोकळी होते. आमचे हे मात्र काडीसारखे. रस्त्यानं नेहमी माझ्या पुढं चालायचे, इतके पुढं की बघणाऱ्याला आम्ही एका घरातले वाटू नये. त्यांची चालच तशी आहे, असं मी समजत होते. लग्नाला काही वर्षं झाली होती, तरी बऱ्याच गोष्टींबद्दल माझी अशीच समजूत होती.

सत्तर सालानंतरचं सोलापूर ते. वजन उतरवायला ऑपरेशन करतात हे आमच्यात कुणी ऐकलंही नव्हतं. पण डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "हर्निया शिवायचाच आहे, तर ही लोंबती चरबीही काढून टाकू. नाहीतर टाके धरायचे नाहीत." मला इतका आनंद झाला की घाबरायचं राहूनच गेलं. मग त्यांनी विचारलं, "रूम कुठली देऊ? स्पेशल की जनरल?"

बायकांच्या जनरल वॉर्डात पुरुषांना फक्त भेटीच्या वेळेत सोडायचे. स्पेशलमध्ये दोन खाटा असत, दुसरी सोबतीच्या माणसाची, आणि तो नवरा असला तरी चालायचं. माझी आई केव्हाच गेली होती. वैरागची वहिनी ओली बाळंतीण. मुलीला कुर्डुवाडीला नणंदेकडं ठेवायचं ठरलं होतं. माझ्याजवळ राहायला यांच्याशिवाय होतं कोण? पण स्पेशल मागायला माझी जीभ रेटेना. भाजीवालीशी कोथिंबिरीच्या चार काड्यांवरून भांडणारा माणूस हा. आणि तेच चटकन म्हणाले, "स्पेशलच द्या. खर्चाचं मी बघतो."

मी विरघळले. घरी येताना टांग्यात मनातल्या मनात त्यांची दृष्ट काढली. रात्री तहान लागली तर हाक मारायची, हे उठून चमच्यानं पाणी पाजणार, अशी सगळी चित्रं मी रंगवून ठेवली. ऑपरेशनच्या पिशवीत त्यांची आवडती चादर मी स्वतः घडी करून घातली. बाई किती खुळी असू शकते ते मला विचारा.

शुद्धीवर आले तेव्हा घसा कोरडा पडला होता. "अहो" म्हणाले. आयानं ओल्या कापसानं ओठ पुसले. दुसरी खाट रिकामी होती. हे आले ते दिवेलागण झाल्यावर, वॉर्डात भेटायला येणारी माणसं पांगल्यावर. स्टुलावर मोसंब्या ठेवल्या, खाटेच्या कडेला टेकले, "दुखतंय का?" म्हणाले. मी "थोडं" म्हणाले. मग घड्याळ बघून उठले. "सकाळी गिरणीत लवकर जायचंय."

रोज असंच. रोज मी आयाला ती चादर झटकून खाटेवर घालायला लावायची. "कोन निजणार हाय हितं?" ती कुरकुरायची. "आज राहणार आहेत," मी ठोकून द्यायची.

चाळीतलंही कुणी फिरकलं नाही. आमच्याकडं कुणाला साधा ताप आला तरी सगळी आळी बघायला लोटते, पेशंटला झोपू म्हणून देत नाही. मी स्वतः किती जणींच्या उशाशी बसले होते! पडल्या पडल्या एकेकीला आठवून मी मनसोक्त शिव्या घातल्या. मग शिव्याही संपल्या आणि नुसतं रडू यायला लागलं. हसलं तर टाके ओढतात असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. रडण्यानंही तितकेच ओढतात.

व्हरांड्यापलीकडं बायकांचा वॉर्ड. तिथं तेलुगू, कानडी, मराठी सगळं एकदम चालायचं. कुणाची सून, कुणाची आई, डबे उघडायचे, शेंगाचटणीचा वास माझ्यापर्यंत यायचा. एके दुपारी तिथली एक विणकराच्या घरातली बाई पोटावर हात धरून हळूहळू चालत माझ्या दारात आली.

"एकलीच काय वो तुमी? कोन न्हाय तुमचं?"

"येतील."

"मग आमच्यात या की. माझ्या शेजारची खाट रिकामी हाय."

"माझी स्पेशल आहे," मी म्हणाले. बऱ्याच तोऱ्यात म्हणाले. ती मान डोलवून गेली आणि मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. ती परत यावी असं मला फार वाटत होतं.

घरी जायच्या दिवशी यांनी टांगा मागच्या फाटकाशी आणला. मी जपून चढले. बरंच अंतर गेल्यावर हे रस्त्याकडं बघत म्हणाले, "चाळीत मी सांगितलंय, तू वैरागला गेलीस म्हणून. वहिनीच्या बाळंतपणाला."

"का?"

"उगाच चर्चा. बायकोची चरबी कापली म्हटल्यावर गिरणीभर हसले असते की. म्हणून तर स्पेशल घेतली. वॉर्डात आपल्या ओळखीचं कुणीही निघायचं."

माझ्यावर मोठा उपकार केल्यासारखं त्यांनी ते सांगितलं. त्यांच्या आणि माझ्या मनात एकच खोली होती. मला ते जवळ हवे होते म्हणून, आणि त्यांना मी कुणाला दिसू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कळशी घेऊन नळावर गेले. आमच्या चाळीत भरलेला हंडा डोक्यावर चढवायला दुसरीनं हात लावायचा, आणि हात लावायचं काम बायका हमखास माझ्यावर टाकायच्या. पैलवान म्हणायच्या मला. त्या दिवशीही शेजारीण ओरडली, "आली बाई एकदाची! लई दिवस ऱ्हायलीस की म्हायेरी. ये, हात लाव."

मी वळून बघितलं. हे दारात उभे होते, तोंडात दंतमंजनाचं बोट. ऐकलं त्यांनी. एक वाक्य पुरलं असतं. मी वाट बघितली. त्यांनी चूळ भरली आणि आत गेले.

मी वाकले, हंड्याच्या बुडाला हात घातला आणि उचलला. डोळ्यांपुढं अंधारी आली. "म्हायेरचं तूप अंगी लागलं गं," शेजारीण हसली, आणि मीही हसले.

खोलीत आले तेव्हा साडीच्या आतून काहीतरी ओलं लागत होतं. हे माझ्या चेहऱ्याकडं बघून पुढं आले. आधी त्यांनी दार लोटलं, कडी घातली, खिडकीचा पडदा ओढला. आणि मग अगदी हळू, जीव तुटल्यासारखं विचारलं, "फार लागलं का गं?"