मोठीचं लिंबू

दिवाळीत माझी मोठी जाऊ पुण्याहून लिंबाचं झाड घेऊन आली. कलमी, गुडघ्याएवढं, कुंडीतलं, आणि चार पिवळी लिंबं आधीच लटकलेली. आमच्या पिंपरी पेंढारला बांधाबांधावर लिंबं आहेत. तरी सासूबाईंनी, आम्ही दोघी त्यांना आत्या म्हणतो, कुंडीवरून असा हात फिरवला की माझ्या पोटात दुखायला लागलं ते तिथूनच.

"थंडीत याला जपा हं आत्या," म्हणून जाऊ गाडीत बसली. जपायचं कुणी, ते मला तेव्हाच कळलं.

आमच्याकडे मार्गशीर्ष-पौषात थंडी कडाक्याची, द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. बांधावरचं लिंबू मुळं खोल असल्यामुळं तग धरतं, कुंडीतलं गारठतं, असं आत्यांचं म्हणणं. म्हणून दिवस कलला की कुंडी ओसरीत, ऊन आलं की अंगणात. उचलायची मी. वर आत्यांचं चालूच, "हळू, पानं लागत्याल." झाडाला पांघरायला त्यांनी पेटीतून सासऱ्यांची घोंगडी काढली. घरच्या मेंढरांच्या लोकरीची ती. माझ्या बाळंतपणात मी मागितली होती, तेव्हा "खराब व्हईल, ऱ्हाऊ दे" म्हणाल्या होत्या. बारा वर्षं या बाईंच्या गुडघ्यांना तेल मी लावते, आणि आल्यागेल्याला सांगणं काय, तर "मोठीनं झाड दिलंय, बगा." पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

"थंडीत झाड निजल्यालं असतंय. माती सुकल्याबिगर पाणी न्हाई," असा आत्यांचा नियम. रोज सकाळी कुंडीत बोट घालून बघायच्या. एका संध्याकाळी मी धार काढून आले, बादली विसळली आणि ते पाणी कुंडीत ओतलं. दुसऱ्या दिवशीही ओतलं. मग रोज तांब्याभर, टाकीतलं गार. झाड मरावं असं मला वाटत होतं, आता लपवून काय करू. ते नसतं तर मोठीचं नाव दिवसातून दहादा ऐकावं लागलं नसतं.

महिनाभरात पानं पिवळी पडली, मग गळाली. लिंबंही गेली. आत्या बोट घालायच्या, पदराला पुसायच्या आणि कामाला लागायच्या. वय झालंय, ओलं-सुकं कळत नसेल, असं मी धरून चालले.

संक्रांतीला मोठीचा व्हिडिओ कॉल आला. तिनं आधी झाडच दाखवायला लावलं. नुसत्या काड्या बघून म्हणाली, "धाकटीनं पाणी जास्त घातलं असेल. तिला कुंडीतलं काय कळतंय?"

माझे कान तापले. ती बोलली ते खोटं नव्हतं, म्हणून जास्तच.

आत्यांनी फोन स्वतःकडं वळवला. "तिला कशाला बोलती? पाणी मीच घालत व्हते. माज्याच हातनं जास्त झालं."

मोठीपुढं त्यांनी एकदा तरी माझी बाजू घ्यावी, असं मला लग्न झाल्यापासून वाटत होतं. ती घेतली, आणि मला मान वर करता येईना.

फोन ठेवून आत्या माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "आता रोज वतू नको. खोड आजून हिरवं हाय."