दोनदा दाबायचा ब्रेक

जुनी गाडी घ्यायची असली की राहूतले आणि आसपासच्या गावांतले लोक आधी मला सोबत नेतात. मी मेकॅनिक नाही. ऊस, कांदा आणि दारात उभी एक म्हातारी जीप, एवढाच माझा पसारा. पण ती जीप मीच खोलतो, मीच जोडतो, आणि इंजिनाचा आवाज ऐकून त्याचं काय दुखतंय ते सांगतो. 'तुम्ही हो म्हणा, मग घेतो' असं कुणी म्हटलं की त्या दिवशी मला जेवण मिळालं नाही तरी चालायचं. इतका मी स्वतःवर खूश होतो.

धाकटी बहीण वडगाव रासाईत दिली आहे. दाजी सोसायटीत निवडून आले आणि त्यांच्या डोक्यात मोठ्या गाडीनं ठाण मांडलं. नवी झेपणार नव्हती, म्हणून वापरलेली. वरवंडला हायवेच्या अलीकडं एका बागायतदाराच्या अंगणात लांबलचक काळी परदेशी गाडी विकायला उभी होती. गंमत म्हणजे दाजींना मोटरसायकलपलीकडं काही चालवता येत नाही. गाडी चालवणार होती त्यांची मुलगी, माझी भाची. ती रांजणगावला कंपनीत नोकरीला आहे, आणि शिरूरच्या ड्रायव्हिंग स्कूलमधून नुकतीच शिकून लायसन घेऊन बसली होती. रोजचं जाणं-येणं ती याच गाडीनं करणार होती.

सकाळी आम्ही चौघं वरवंडला पोचलो. दाजींनी येतानाच नारळ आणला होता, म्हणजे गाडी त्यांनी मनात घेतलीच होती. मी मात्र सगळं रीतसर केलं. टायर बघितले, दरवाजांच्या फटी बोटानं चाचपल्या, ऑइलची दांडी काढून नाकाशी धरली, अंगणात आडवा होऊन खाली थेंब पडलाय का ते शोधलं. मालक माणूस भला होता. मी आत बसलो आणि डाव्या पायानं क्लच शोधायला लागलो तेव्हा तो हसला.

"ऑटोमॅटिक हाय पाव्हणं. डावा पाय घरी ठिवून आला असता तरी चाललं असतं." आणि त्याच दमात म्हणाला, "ब्रेक तेवढा दोनदा दाबावा लागतोय. बाकी काय न्हाई."

"त्याला काय हुतंय," मी म्हणालो.

हे वाक्य मी सगळ्यांसमोर म्हणालो, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडं जीप, पिकअप, जुने ट्रॅक्टर, सगळ्यांचे ब्रेक दोनदाच दाबतात. पहिला दाब आठवण करून द्यायला, दुसरा थांबायला, असं आम्ही चेष्टेनं म्हणतो.

मी सर्व्हिस रोडवरून गाडी फिरवून आणली. पळवली, थांबवली, पुन्हा पळवली. काय गाडी होती! रस्त्यावरचे खड्डे कुणीतरी आदल्या दिवशी बुजवून गेल्यासारखे वाटत होते. परत येऊन उतरलो आणि जाहीर केलं, "ब्रेक एक नंबर."

दाजी नारळ हातात घेऊन उठले. तेवढ्यात भाची म्हणाली, "मामा, मी जरा चालवून बघू?"

"आता काय बघायचं राह्यलंय?" दाजी म्हणाले. "मामांनी बघितली की."

"रोज तीच चालवणार न्हवं? मग बघू द्या की तिला," बहीण म्हणाली, आणि स्वतःच मागं जाऊन बसली. दाजी कुरकुरत तिच्या शेजारी बसले. भाचीच्या बाजूला मी.

गावातून आत जाणारा रस्ता तिनं घेतला. छान चालवत होती, आरशात बघत, दोन्ही हात स्टिअरिंगवर. वळण संपलं आणि समोर उसानं भरलेली ट्रॉली उभी दिसली. गुऱ्हाळात वळायला ट्रॅक्टरवाला थांबला होता. अंतर चांगलं होतं. भाचीनं शिकवल्याप्रमाणं ब्रेक दाबला. एकदाच दाबला आणि दाबून धरला.

गाडी थांबली नाही. थोडी हळू झाली आणि तशीच पुढं जात राहिली. ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोकं काचेकडं यायला लागली. भाचीचा पाय पार खाली टेकला होता, गुडघा सरळ झाला होता. मागं बहीण किंचाळली.

"सोड! सोडून परत दाब!" मी ओरडलो. "दोनदा दाब!"

तिनं पाय उचलला आणि पुन्हा हाणला. गाडी गचकन थांबली. उसाचं एक वाढं काचेला घासून वर वाकलं होतं. ते मी कितीतरी वेळ बघत बसलो.

पहिल्यांदा बोलले ते दाजी. "म्हणून म्हणत हुतो, नको! पोरगी नवखी, घाबरली. ब्रेक कुठला आन् काय कुठलं, कळलं न्हाई तिला."

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला खरंच वाटायला लागलं होतं की चूक तिची. आणि मी? खरं सांगतो, मी गप्प बसलो. एवढं सोपं होतं ते. पोरीवर ढकलून द्यायचं, तिला चार दिवस मामानं शेजारी बसून शिकवायचं, आणि माझं नाव शाबूत. मग तिनं माझ्याकडं वळून विचारलं, "मामा, दोनदा का दाबायचं? आम्हाला तर एकदाच शिकवलंय."

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मी हबकलो. दोनदा दाब, हे मी ओरडून सांगितलं होतं. क्षणाचाही विचार न करता सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. बागायतदारानं तर तोंडावर सांगितलं होतं, आणि मी वर त्याला 'काय हुतंय' म्हणालो होतो. सर्व्हिस रोडवर जितक्या वेळा गाडी थांबवली, तितक्या वेळा माझा पाय आपसूक दोनदा पडला होता. तीस वर्षांची सवय. गाडीतला दोष माझाच पाय झाकत होता आणि मी त्याच पायाच्या भरवशावर एक नंबर म्हणून आलो होतो.

"चूक तिची न्हाई," मी दाजींना म्हणालो. "माझी हाय."

भाचीला मागं बसवलं. इंजिन चालू ठेवून, उभ्या गाडीत, मी ब्रेक एकदा दाबला आणि तसाच धरला. आधी पाय जागेवर राहिला. मग हळूहळू खाली जायला लागला आणि शेवटी चटईला टेकला. ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर आतून गेलेला. अर्ध्या मिनिटाची तपासणी. हे मी सकाळी अंगणातच करायला हवं होतं, आणि ते मला येत नव्हतं असंही नाही.

गाडी पायी चालण्याच्या वेगानं परत नेली. बागायतदाराला दाखवलं तेव्हा त्याचा चेहराच उतरला. "आरं, माझी नातवंडं बसत्यात की हिच्यात," एवढंच तो म्हणाला आणि किल्ली खिशात टाकून ओट्यावर बसला. दाजींनी नारळ पिशवीत घातला.

निघताना भाचीनं विचारलं. रागानं नाही, अगदी साधेपणानं. "मामा, याआधी किती लोकांच्या गाड्या बघितल्यात तुम्ही?"

मी मोजायला लागलो. चुलतभावाची. दौंडला नोकरी करणाऱ्या मित्राची. बाजूच्या गावातल्या मास्तरांची, ज्यांची बायको आता त्यांच्यापेक्षा जास्त गाडी चालवते. सगळ्यांना मी हो म्हटलं होतं, आणि सगळ्यांच्या गाड्या याच पायानं थांबवल्या होत्या.

तिथंच रस्त्याच्या कडेला उभं राहून मास्तरांना फोन लावला. म्हटलं, "मास्तर, एक काम करा. गाडी चालू करून ब्रेक एकदाच दाबा आणि धरून ठेवा. पाय खाली गेला तर बाईंना गाडी देऊ नका."

ते दिलखुलास हसले. "काय हो, कशाला उगीच? ब्रेक तर तुम्हीच बघितला होता की."